कॉपिकसारखे महागडे अल्कोहोल मार्कर (अल्कोहोलमिश्रित शाईचे रंगीत पेन) घ्यावेत, की ठाण्यात सहज मिळणारा 60 रंगांचा स्वस्त सेट?

पैसे मोजायचे ते रिफिल आणि बदलता येणाऱ्या निबसाठी. कॉपिकच्या ‘स्केच’ नावाच्या मार्करमध्ये दोन्ही सोयी आहेत. स्वस्त सेटमध्ये बहुधा शाई संपली की मार्कर कचऱ्यात. रोज वापर असेल तर महाग मार्कर परवडतो. नुसतं शिकायचं असेल तर ओहुहू या स्वस्त ब्रँडचा ब्रश निबवाला (ब्रशसारख्या लवचिक टोकाचा) सेट पुरे.

गोखले रोडवर खरेदीला जाताना आपला कागद न्या. ब्रश निब हलकेच दाबून उचला: टोक लगेच सरळ झालं पाहिजे. वाकडंच राहिलं तर तो सेट नको. मग एक पट्टा ओढा आणि तो ओला असतानाच शेजारी दुसरा. मधली रेघ विरली तर शाई चांगली. साध्या झेरॉक्स कागदावर मात्र कुठल्याही मार्करची शाई फुटणारच, त्यामुळे मार्कर पेपरच घ्या.

पहिल्या खरेदीत 60 नको, 12च. एकाच रंगाच्या फिकट-मध्यम-गडद अशा तीन छटा आणि दोन-तीन राखाडी हव्यातच. दुतोंडी मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले की वरचं टोक कोरडं पडतं. आणि चित्र खिडकीसमोर टांगू नका, ही डायची शाई उन्हात उडते.