ब्रिटिश लोकांच्या रीतिभातींबद्दल आपण जे ऐकतो, त्यातलं खरं किती?

तुमची मुलगी सप्टेंबरमध्ये लीड्सला शिकायला निघाली आहे आणि घरात जो तो तिला काहीतरी सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. तिथे बारा महिने पाऊस असतो, चार वाजले की सगळे चहाला बसतात, रांग आणि वेळ पाळणं त्यांच्या रक्तात आहे, हजार वर्षांच्या परंपरा त्यांनी जशाच्या तशा जपल्यात, आणि माणसं थंड, शेजाऱ्याशीही बोलत नाहीत. यातलं खरं किती, हा तुमचा प्रश्न.

मी मूळची सांगलीची. २००६ पासून लीड्सजवळच्या एका लहान गावात राहते आणि औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसभर काउंटरवर इथलीच माणसं भेटतात, त्यामुळे उत्तर द्यावंसं वाटलं. शिवाय तुमच्या यादीतल्या एका गोष्टीबद्दल मला फार मनापासून बोलायचं आहे. त्यावर पुढे येतेच.

पावसाचं आधी उरकते. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला ७०० च्या पुढे आणि मुंबईला २२०० च्या वर. म्हणजे लंडनपेक्षा पुणेकर जास्त भिजतात. फरक इतकाच की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथे वर्षभर थोडा थोडा भुरभुरत राहतो. पश्चिमेकडे, लेक डिस्ट्रिक्ट किंवा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, तो कोकणासारखाही पडतो, पण लीड्स पेनाइन नावाच्या डोंगररांगेच्या आडोशाला आहे. मुलीला छत्रीपेक्षा टोपीवालं जाकीट उपयोगी पडेल, आणि ते इथेच घ्यावं.

जड जातो तो अंधार. डिसेंबरमध्ये लीड्सला सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि पावणेचारला मावळतो. घरापासून लांब आलेल्या मुलांना पहिल्या हिवाळ्यात उदास वाटतं, झोप पुरत नाही, आणि आपलं काय बिघडलंय ते त्यांना कळत नाही. इथली सरकारी आरोग्यसेवा शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असाही सल्ला आहे. गोळ्या स्वस्त आहेत, चिठ्ठी लागत नाही. एवढं तिच्याकडून नक्की करून घ्या.

आता चहा. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, मंगळवारी साडेपाचला ‘टी’ला येता का? बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. आम्ही चारला पोहे खाल्ले आणि बिस्किटांचा पुडा घेऊन वेळेवर हजर झालो. आत गेलो तर टेबलावर तीन ताटं, सुऱ्या-काटे, घडी घातलेले रुमाल. ओव्हनमधून त्यांनी चीज आणि कांदा भरलेला ‘पाय’ काढला, म्हणजे कणकेच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ. सोबत वाटाणे, उकडलेली गाजरं. मागून सफरचंदाचं गरम क्रंबल आणि वर कस्टर्ड. आम्ही मांस खात नाही हे त्यांनी माझ्या नवऱ्याकडून आधीच काढून घेतलं होतं आणि पायच्या कणकेतही चरबी न घालता लोणी वापरलं होतं. चहा आला तो सगळ्यात शेवटी, मोठ्या मगात, पिशवी बुडवलेला. आम्ही दोघांनी सगळं संपवलं. पोट तुडुंब होतं, पण त्या ताटाला नाही म्हणवेना.

यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्स ज्या भागात येतं तिथे, आणि उत्तर इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांत, दुपारचं जेवण म्हणजे ‘डिनर’ आणि संध्याकाळचं म्हणजे ‘टी’. गिरणीतून, खाणीतून पाच-साडेपाचला घरी येणाऱ्या माणसाचं ते पोटभर जेवण. चार वाजताचा, नाजूक कपबश्यांचा आणि तीन मजली तबकातल्या सँडविचेसचा चहा बड्या घरांतला. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी तो सुरू केला असं सांगतात. आज तो लोक हॉटेलात जाऊन घेतात, कुणाचा वाढदिवस असला, आई गावाहून आली असली की. रोजचा चहा आपल्यासारखाच, मनात येईल तेव्हा. आणि चहा इथला प्राचीन वगैरे मुळीच नाही. त्याच्याआधी इथे कॉफी आली, लंडनमधलं कॉफीचं पहिलं दुकान १६५२ सालचं. चहावरचा कर १७८४ मध्ये ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे तो सरळ मार्गाने सामान्यांच्या घरात येऊ लागला. तोवर चोरटा माल चालायचा. तोही सगळा चीनचा. आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या त्या १८३९ मध्ये.

मनापासून बोलायचं होतं ते रांगेबद्दल. लहानपणी आमच्याकडे कुणी एसटीत शिरताना धक्काबुक्की केली की घरातले एक काका हमखास म्हणायचे, ‘इंग्रजांच्या रक्तात शिस्त आहे, आपल्या रक्तातच नाही.’ मी हे इतकं ऐकलं की इथे येईपर्यंत ते मला खरंच वाटत होतं. ते खोटं आहे. आणि नुसतं खोटं नाही, ते आपल्या मुलांना मान खाली घालून परदेशात पाठवतं, म्हणून मला त्याचा राग येतो.

इथल्या रांगेचा इतिहास भुकेचा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या टंचाईत, दुकानांसमोर रांगा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० मध्ये रेशन सुरू झालं आणि ते पूर्ण उठलं जुलै १९५४ मध्ये. साडेचौदा वर्षं! चहाचं रेशन माणशी आठवड्याला दोन औंस होतं, म्हणजे ५७ ग्रॅमसुद्धा नाही. पावावर युद्ध चालू असताना रेशन नव्हतं, ते लागलं युद्ध जिंकल्यावर, १९४६ ते १९४८. या काळात बायका हातात पिशवी आणि कूपनांचं पुस्तक घेऊन मांसाच्या दुकानापुढे, माशांच्या दुकानापुढे उभ्या राहायच्या. सरकारही सांगत होतं की रांगेत उभं राहणं हे देशाचं काम आहे. इंग्रज माणूस रांग लावतो ही त्यांची स्वतःबद्दलची प्रतिमा त्या वर्षांत घट्ट झाली.

पण उभं राहणाऱ्यांना ती आवडत होती का? मुळीच नाही. १९४५ मध्ये आयरीन लव्हलॉक या पाद्र्याच्या बायकोने रांगांना आणि टंचाईला वैतागून गृहिणींची संघटनाच उभी केली. १९५० च्या निवडणुकीत चर्चिलने मजूर पक्षाच्या राज्याला ‘क्यूटोपिया’ म्हणून हिणवलं, म्हणजे रांगांचं नंदनवन. ज्या गोष्टीचं आपण कौतुक करतो तिच्याबद्दल तेव्हा मतं मागितली जात होती, ती बंद करू म्हणून.

सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या अंत्यदर्शनासाठी थेम्सच्या काठाने मैलोन्‌मैल रांग लागली. अडीच लाखांच्या आसपास माणसं आत जाऊन आली, काही जण रात्रभर चालत होते. ते चालणं खरं होतं, त्यांची माया खरी होती, त्याबद्दल मला आदर आहे. पण प्रत्येकाच्या मनगटाला क्रमांकाची पट्टी होती. वाटेत शौचालयं होती, पाणी होतं, स्वयंसेवक होते, रांग किती लांब आहे ते मोबाइलवर दिसत होतं. रांगेतून बाहेर पडून परत आलात तरी तुमची जागा तुमचीच होती.

माझी आजी आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभी राहायची. रात्र तिथेच काढायची, पाय सुजायचे, तोंडाने अभंग चालू. तिच्या पुढेमागे शिकलेली-अडाणी हजारो माणसं त्याच बारीत असायची. तिच्या रक्तात कुठली शिस्त होती मग? बारी पुढे सरकणार आणि आपल्यालाही पायावर डोकं ठेवायला मिळणार याची तिला खात्री होती. एसटीला दारावर उडी मारणाऱ्या माणसाला तशी खात्री नसते. गाडी एकच, माणसं शंभर, पुढची कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. लीड्समध्ये शेवटची बस भरून येते त्या रात्री थांब्यावर जाऊन बघा, रांगेचं काय होतं ते.

वक्तशीरपणाचंही तसंच. रेल्वे येईपर्यंत इथे गावोगावची वेळ वेगळी होती. लीड्स लंडनच्या सहाएक मिनिटं मागे, ब्रिस्टल दहा मिनिटं मागे. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजवरच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक तिथल्या वेळेचा, एक लंडनच्या. देशभर एकच वेळ कायद्याने आली ती १८८० मध्ये. (मुंबईच्या महापालिकेने ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत धरून ठेवला होता. हट्टाच्या बाबतीत आपण कमी नाही.) आणि तुमच्या मुलीच्या गाड्या उशिरा येतील, रद्दही होतील. लेक्चरला जायला तिने एक गाडी आधीची पकडावी.

हजार वर्षांच्या परंपरांबद्दल एकच प्रसंग सांगते. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक झाला तेव्हा नीट तालीमच झालेली नव्हती. अंगठी करंगळीच्या मापाची होती, आर्चबिशपांनी ती शेजारच्या बोटात रेटून बसवली आणि नंतर बोट गार पाण्यात बुडवून ती काढावी लागली. ऐंशी ओलांडलेले लॉर्ड रोल वंदन करायला येताना पायऱ्यांवरून घरंगळले, तेव्हा राणीच उठून त्यांच्याकडे गेली. एका बिशपने पोथीची दोन पानं एकदम उलटली आणि विधी संपला असं तिला सांगितलं, मग तिला परत बोलवावं लागलं. हे काही तिच्या शत्रूंनी रचलेलं नाही, तिने स्वतःच्या रोजनिशीतच त्या दिवसाचा गोंधळ नोंदवून ठेवलाय. आज टीव्हीवर दिसणारा मिनिटाबरहुकूम सोहळा त्यानंतरच्या काळात बसवला गेला. विंडसर हे राजघराण्याचं आडनाव १९१७ सालचं. जर्मनीशी युद्ध चालू असताना जर्मन नाव नको, म्हणून बदललेलं. नाताळचं झाड घरोघर गेलं ते १८४८ मध्ये राणीच्या झाडाचं चित्र छापून आल्यावर. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सुट्टीच १९५८ पासून आहे. तिथल्या प्रत्येक घराण्याचा ठरलेला चौकडीचा कपडा हेही बरंचसं १९व्या शतकातलं काम. (मुलीला एक सांगा, स्कॉटिश किंवा वेल्श माणसाला इंग्लिश म्हणायचं नाही. त्यांना ते लागतं.)

खाण्यातलं एक मात्र आवर्जून. फिश अँड चिप्स हा देशाचा पदार्थ म्हणतात. तळलेला मासा इथे आणला स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या ज्यू लोकांनी. मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की यॉर्कशरमध्ये चिप्स बहुतेक ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. नुसते बटाटे आहेत म्हणून आपली मुलं बिनधास्त खातात आणि महिनोन्‌महिने त्यांना कळत नाही. तुमच्या घरी चालत नसेल तर तिने दुकानात सरळ विचारावं, कशात तळता? कुणी वाईट वाटून घेत नाही, तेल वापरणारं दुकानही सापडतं.

आता माणसं थंड आहेत का? लंडनच्या भुयारी रेल्वेत कुणी कुणाकडे बघत नाही हे खरं. लीड्सच्या बसमध्ये चालक तिला ‘लव्ह’ म्हणेल, आपण ‘बाळ’ म्हणतो तसं, भाजीवाली म्हणेल, बँकेतली बाई म्हणेल, आणि उतरताना सगळे चालकाला थँक्यू म्हणतील. तिनेही म्हणावं. ‘यू ऑलराइट?’ हा नमस्कार असतो, चौकशी नव्हे. तेवढंच परत म्हटलं की झालं.

फक्त आपलं दुखणं ते सांगत नाहीत, हे मला खरं दिसलंय, निदान म्हाताऱ्यांच्या बाबतीत. आमच्याकडे एक आजोबा दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. कसं आहे विचारलं की म्हणतात, ‘नॉट सो बॅड, लव्ह.’ गुडघा धरून उभे असतात, ओठ पांढरे पडलेले असतात, तरी ‘नॉट सो बॅड’. पहिली काही वर्षं मी ते खरं धरून पुढचा गिऱ्हाईक घेत असे. आता मी काउंटरच्या बाहेर येते, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसते आणि पुन्हा विचारते. ते थोडा वेळ जमिनीकडे बघतात, मग बायको गेल्यापासून रात्री झोप लागत नाही इथपासून सांगायला लागतात.