बल्ब बदलूनही बाइकचा हेडलाइट मंद, आणि इंडिकेटर लावला की तोही लुकलुकतो. काय तपासू?

इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट लुकलुकत असेल तर माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे दिव्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीवर. आणखी बल्ब आणू नका, आधी साधा मल्टिमीटर आणा.

इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की साधारण १३.८ ते १४.५. वाढतच नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो बल्ब आणि बॅटरी दोन्ही खाईल.

हे आकडे ठीक असतील तर हेडलाइट लावून ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन हेडलाइटच्या अर्थच्या वायरवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चोर सापडला. अर्थचा बोल्ट खोला, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा आणि पुन्हा घट्ट आवळा. हेडलाइटच्या मागचे कपलर, म्हणजे वायर जोडणारे प्लगही उघडून बघा. पावसाचं पाणी तिथेच मुरतं, पिना हिरव्या पडतात.

मग हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. लाइट बदलला तर हँडलच्या मुळाशी वायर घासलीय किंवा आतून तुटलीय.

जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटवर (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) चालतो. तो आयडलिंगला मंद होणारच, तो बिघाड नव्हे.

आणि फ्यूज उडत असेल तर कृपा करून जास्त अँपिअरचा टाकू नका. वायरिंग जळतं.