शेततळे खोदण्याआधी नियोजन कसे करावे?

आधी पाण्याचा हिशेब, मग जेसीबी. बहुतेक जण उलटे करतात.

वर तोंडाशी 30 × 30 मीटर, 3 मीटर खोल आणि 1:1 उताराच्या (जितके खाली, तितकेच आत सरकणाऱ्या बाजूंच्या) तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो, पण एक हेक्टरवर पसरले तर थर जेमतेम 22 सेंटीमीटरचा. त्यातून उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्यातून रोज 7,200 लिटर उडतात. म्हणून कोणते पीक, किती क्षेत्र आणि कोणत्या महिन्यात पाणी लागणार हे कागदावर मांडल्याशिवाय आकार ठरवू नका.

दुसरे म्हणजे चाचणी खड्डा. ठरवलेल्या जागी पूर्ण खोलीपर्यंत एक खड्डा घ्याच. खाली काळी चिकण माती लागली तर विनाअस्तर, म्हणजे आतून प्लास्टिक न अंथरलेल्या, तळ्याचा विचार करता येईल. मुरूम लागला तर पाणी झिरपणार, म्हणजे प्लास्टिकचा खर्च आत्ताच धरावा लागेल. कातळ लागला तर जागाच बदला. या एका खड्ड्यावर सगळे अंदाजपत्रक फिरते.

निघणारी माती कुठे टाकणार तेही ठरवा. ती मोकळी झाल्यावर फुगते.

खोदकाम मेच्या मध्यापर्यंत उरकावे, कारण ओल्या उतारावर अस्तर नीट बसत नाही.

आणि कुंपण व आत सोडलेले गाठींचे दोर पहिल्याच अंदाजपत्रकात घाला, कृपया. प्लास्टिकच्या उतारावरून पडलेल्या माणसाला स्वतःहून वर येता येत नाही.