'पोलिश अल्पसंख्याक राजकारणी' : यात पोलिश कोण?

प्रश्न असा आला आहे: "एका परिचयलेखाचा मराठी अनुवाद करते आहे. पहिल्याच ओळीत 'पोलिश अल्पसंख्याक राजकारणी. करिअरची सुरुवात शिक्षक म्हणून' असं लिहिलं, पण वाचताना अडखळायला होतं. अल्पसंख्याक लिहायचं की अल्पसंख्यक? आणि एकूण रचना बरोबर आहे का?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथे आहे. रचना व्याकरणात बसते, पण त्यातून दोन वेगळी माणसं उभी राहतात. कल्पनेतली नाहीत, खरीच आहेत, आणि दोघंही आधी शाळेत शिकवत होती.

पहिली अंजेलिका बोरिस. बेलारूसमध्ये पोलंडच्या सीमेलगत ओदेल्स्क नावाचं गाव आहे, तिथे त्या पोलिश भाषा शिकवायच्या. पुढे बेलारूसमधल्या पोलिश लोकांच्या संघटनेत गेल्या आणि २००५ मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. सरकारने ती निवड मानली नाही. त्याच वर्षी बेलारूसमधल्या ग्रोद्नो शहरातलं संघटनेचं कार्यालय पोलिसांनी ताब्यात घेतलं, आणि प्रकरण इतकं चिघळलं की पोलंडने आपला राजदूत माघारी बोलावला. २०१० मध्ये त्या पायउतार झाल्या, २०१६ मध्ये परत आल्या आणि मार्च २०२१ मध्ये अटकेत गेल्या. वर्षभराने त्यांना तुरुंगातून घरी पाठवलं, पण नजरकैदेत.

दुसरे मिरोन सिच. उत्तर पोलंडमध्ये गुरोवो इवावेत्स्किये नावाच्या छोट्या शहरात युक्रेनी माध्यमाची शाळा आहे, तिचे हे मुख्याध्यापक. पुढे प्रादेशिक राजकारणात आले आणि २००७ व २०११ मध्ये पोलंडच्या संसदेवर निवडून गेले. नागरिकत्वाने पोलिश, समाजाने युक्रेनी.

आता तुमची ओळ पुन्हा वाचा. ती दोघांनाही लागू पडते. बोरिसबाई 'पोलिश अल्पसंख्याक', कारण त्या पोलिश आहेत आणि पोलंडबाहेर राहतात. सिच 'पोलिश अल्पसंख्याक', कारण ते पोलंडमध्ये राहतात आणि पोलिश समाजातले नाहीत. एकच शब्दजोडी, अर्थ बरोब्बर उलटे! हा घोळ इंग्रजीतही आहे म्हणा, पण तो जसाच्या तसा उचलून आणायचं आपल्याला काही कारण नाही.

या उलटेपणाला इतिहासही तसाच आहे. ग्रोद्नो दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्येच होतं. महायुद्धात आणि त्यानंतर सीमा पश्चिमेकडे सरकली, माणसं जागच्या जागी राहिली आणि एका रात्रीत अल्पसंख्याक झाली. सिच यांच्या भागातले युक्रेनी मात्र तिथले नव्हेत. १९४७ मध्ये पोलंडच्या तेव्हाच्या सरकारने आग्नेय भागातून सुमारे १,४०,००० युक्रेनी आणि लेमको (कार्पेथियन डोंगरातला एक छोटा समाज) लोकांना उचलून उत्तरेला आणि पश्चिमेला विखरून टाकलं. एकीकडे सीमा हलली, दुसरीकडे माणसं हलवली. दोघांना एकाच विशेषणात कोंबणं मला तरी जड जातं.

मराठीत हे कोंबणं जास्त खुपतं, याचं कारण 'अल्पसंख्याक' या शब्दाच्या घडणीत आहे. पोलिशमध्ये यासाठी 'म्न्येयशोश्च' असा शब्द आहे, कमीपणा या अर्थाचं भाववाचक नाम. त्यातून आख्ख्या समूहाचा बोध होतो. आपला 'अल्पसंख्याक' हा बहुव्रीही: ज्यांची संख्या अल्प आहे ते. म्हणजे मुळात विशेषण. म्हणून तर आपण 'अल्पसंख्याक समाज', 'अल्पसंख्याक समुदाय' असं म्हणतो, समूह दाखवायला पुढे एक नाम लागतं. ते नाम गाळून एकापुढे एक विशेषणांची आगगाडी लावली की कुठला डबा कुठल्या इंजिनाला जोडलाय ते कळेनासं होतं. 'बेळगावचा मराठी शिक्षक' म्हटलं तर तो मराठी विषय शिकवतो की मराठी भाषक असून गणित शिकवतो? बोलताना आपण संदर्भाने निभावून नेतो. अनुवादाच्या पहिल्या ओळीत संदर्भ कुठून आणणार?

उपाय आपल्याच खिशात आहे: विभक्ती आणि '-मधला', '-तला'. 'बेलारूसमधल्या पोलिश समाजाच्या नेत्या' म्हटलं की बोरिसबाई. 'पोलंडमधल्या युक्रेनी समाजातले राजकारणी' म्हटलं की सिच. दोन्हीकडे अल्पसंख्याक हा शब्द लागलासुद्धा नाही. आणि 'समाजाच्या' व 'समाजातले' यांत मी मुद्दाम फरक केला आहे. सिच ज्या पक्षातून निवडून आले तो नागरी मंच हा पोलंडचा तेव्हाचा मुख्य प्रवाहातला मोठा पक्ष. ते त्या समाजातून आलेले, पण उमेदवारी त्या समाजाच्या नावावर नव्हती. याउलट ओपोले भागातले रिशार्द गाल्ला २००५ ते २०२३ संसदेत होते, ते थेट 'जर्मन अल्पसंख्याक' या नावाच्या यादीवरून. संसदेत जायला तिथे पक्षाला पाच टक्के मतं लागतात, अशा याद्यांना ती अट लागू नाही. त्यांना 'जर्मन समाजाचे प्रतिनिधी' म्हणणं रास्त होईल.

आता अल्पसंख्याक की अल्पसंख्यक. मराठीत अल्पसंख्याक, हिंदीत अल्पसंख्यक, हे सगळ्यांना दिसतं. त्यावरून 'हिंदीवाल्यांनी ऱ्हस्व करून बिघडवला' किंवा 'मराठीने उगाच काना दिला' असे वाद मी बरेच ऐकले आहेत. दोन्ही बाजू हरल्या. 'संख्या' हा आकारान्त स्त्रीलिंगी शब्द, बहुव्रीहीत त्याला 'क' लागतो, आणि अशा वेळी आ ऱ्हस्व करणं पाणिनीने ऐच्छिक ठेवलं आहे. बहुमालाक आणि बहुमालक (पुष्कळ माळा असलेला), दोन्ही शुद्ध. मराठीत रूढ झालं आहे ते काना असलेलं रूप, शासनाच्या विभागाच्या नावातही तेच आहे. तेव्हा तुम्ही काना ठेवा, पण दुसऱ्याचा काढलेला दिसला तर लाल शाई वाया घालवू नका.

याच शब्दाचा एक सापळा अजून. आपल्याकडे रोजच्या बोलण्यात अल्पसंख्याक म्हणजे धार्मिक अल्पसंख्याक, जरी संविधानाचं ३० वं कलम धर्म आणि भाषा दोन्ही धरतं. पोलंडचा २००५ चा कायदा तिसराच भेद करतो: ज्यांच्या समाजाचं जगात कुठेतरी स्वतःचं राष्ट्र आहे ते एका प्रकारचे, नाही ते वांशिक. पहिल्यात युक्रेनी, जर्मन, लिथुआनियन वगैरे ९ समाज, दुसऱ्यात लेमको, रोमा, तातार आणि कराईम असे ४. पहिल्या प्रकाराचा शब्दशः अनुवाद 'राष्ट्रीय अल्पसंख्याक' असा होतो, आणि मराठी वाचक तो 'राष्ट्रीय पातळीवरचे' असा वाचतो, कारण राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग डोक्यात बसलेला. तुमच्या लेखात हा शब्द आला तर तिथे एक वाक्य खर्च करा.

'पोलिश'बद्दल. इंग्रज माणूस, इंग्रजी भाषा. अरब माणूस, अरबी भाषा. तुर्क आणि तुर्की. ही सोय आपण जुन्या ओळखीच्यांना दिली. पोलिश, फ्रेंच, जर्मन हे उशिरा आलेले, त्यांना माणूस आणि भाषा दोन्हींना एकच शब्द. 'पोल' असा शब्द काही जण वापरतात, पण मराठी वाचकाला त्यात आधी विजेचा खांब दिसतो, नाहीतर एक्झिट पोल. मी 'पोलिश लोक' लिहितो. फक्त मुद्रितावर डोळा ठेवा. मी एकदा तपासायला घेतलेल्या मजकुरात संगणकाने आपल्या अकलेने दुरुस्ती करून 'पोलीस अल्पसंख्याक नेत्याला अटक' असा मथळा तयार केला होता. कोणी कोणाला अटक केली, देव जाणे.

(कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. त्यांना अल्पसंख्याक म्हणू नका, ते निर्वासित. संख्या अल्प असली म्हणजे झालं, असं नसतं.)

'राजकारणी' हा शब्द मला परिचयलेखात नको वाटतो. जुन्या पत्रांमध्ये राजकारण म्हणजे आतून संधान बांधणं, आणि तो वास शब्दाला अजून आहे. 'तो मोठा राजकारणी आहे हो' हे कुणी कौतुकाने म्हणत नाही. सिच यांना 'माजी खासदार' पुरे, पद आलं की पेशा आलाच. बोरिसबाईंना तर राजकारणी म्हणणं सरळ चूक ठरेल, त्यांना 'संघटनेच्या अध्यक्ष' म्हणा.

राहिली सुरुवात. 'करिअरची सुरुवात शिक्षक म्हणून' यात क्रियापदच नाही. 'पेशाने शिक्षक' लिहिलंत तर ते अजून शिकवताहेत असं वाटेल, 'हाडाचे शिक्षक' ही स्तुती झाली. 'मूळच्या शिक्षिका' किंवा 'आधी शाळेत शिकवत' यात सगळं येतं. कारकीर्द हा शब्द पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा, तो मुळात राजवटीचा शब्द, खासदारकीला शोभतो. मास्तरकीला आपण नोकरी म्हणतो.

म्हणजे ओळ अशी होईल: 'मूळच्या शिक्षिका असलेल्या अंजेलिका बोरिस २००५ मध्ये बेलारूसमधल्या पोलिश लोकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.' तुमची व्यक्ती तिसरीच असेल तर देश आणि समाज बदला, सांगाडा तोच.

नावं लिहिताना 'सिच'मधला च चंद्राचा, चाकाचा नव्हे. चाकातला च पोलिशमध्ये आहे, पण तो वेगळ्या अक्षराने लिहितात. आणि लेख लिथुआनियातल्या पोलिश नेत्याबद्दल असेल तर एक गंमत: तिथे वर्षानुवर्षं भांडण होतं ते पोलिश नावातल्या दुहेरी व्हीचं, म्हणजे डब्ल्यूचं. ते अक्षर लिथुआनियन वर्णमालेत नाही, म्हणून सरकारी कागदांवर चालत नसे, २०२२ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे मुभा मिळाली. तिथल्या पोलिश पक्षाच्या नेत्याचं नाव म्हणूनच दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. तुम्ही कुठलंही उचला, देवनागरीत 'वाल्देमार तोमाशेव्स्की' एवढंच उरतं.