यात्रेतल्या फोटोतून माणूस कट केला की खांदा गायब होतो आणि भोवती पांढरी रेघ येते. नीट कसं कापायचं?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला वडिलांचा फोटो आहे. अंगात पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा), डोक्यावर फेटा, मागे गर्दी आणि वर आभाळ. पंच्याहत्तरीच्या फ्लेक्सवर फक्त वडील हवेत. फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट' दाबलं तर खांद्याचा तुकडाच उडाला, आणि लाल बॅकग्राउंडवर टाकल्यावर फेट्याभोवती आणि केसांभोवती पांढरी किनार दिसतेय.

मी नवी पेठेत डीटीपीचं काम करतो. संक्रांतीनंतर आमच्याकडे असेच फोटो येतात, त्यामुळे तुमचा फोटो न बघताही अंदाज येतोय.

खांदा उडतो यात सॉफ्टवेअरचा फारसा दोष नाही. यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या लग्नाचा विधी, भर दुपारी असतो, पांढऱ्या कापडावर थेट ऊन पडतं आणि मोबाइलमध्ये ते कापड जळतं, म्हणजे उजेड जास्त होऊन सगळे बारकावे जातात. कापडही पांढरंफटक, मागचं आभाळही पांढरंफटक. सॉफ्टवेअर रंगातला, उजेडातला फरक बघून कड शोधतं. इथे फरकच उरलेला नाही. खांदा कुठे संपतो हे तुम्हीच ठरवायचं आणि पेन टूलने पाथ, म्हणजे कडेने जाणारी रेघ, मारायचा. गळ्याजवळची शिवण आणि बाहीची घडी दिसत असते, त्या दोन्हींच्या मधून खांद्याचा उतार सहज काढता येतो. दुसऱ्या खांद्याची कड स्पष्ट असेल तर तिच्याकडे बघत काढा.

पाथ मारताना झूम २०० टक्के ठेवा आणि कडेच्या किंचित आतून चाला, एखादा पिक्सेल आत. बाहेरून गेलात की आभाळ सोबत आलंच म्हणून समजा. पॉइंट कमी टाका. नवखा माणूस टाचणी टोचल्यासारखे जवळजवळ पॉइंट टाकतो आणि बाही करवतीच्या पात्यासारखी दिसते. वळण जिथे बदलतं तिथेच पॉइंट द्यायचा आणि ओढून गोलाई आणायची. कोपरा आला की ऑल्ट धरून त्या पॉइंटवर क्लिक करा, पॉइंटमधून निघालेली, गोलाई ठरवणारी पुढची दांडी निघून जाते आणि तिथून नवी दिशा घेता येते. कमरेवर हात असेल तर हात आणि अंगाच्या मधली फट विसरू नका. तिचा वेगळा पाथ मारून वरच्या पट्टीत 'एक्सक्लूड ओव्हरलॅपिंग शेप्स' निवडा. बोर्डावर अशा फटीतून शेजारच्या माणसाचा शर्ट डोकावताना मी पाहिलाय. पाथ पूर्ण झाला की पाथ पॅनलमध्ये डबल क्लिक करून नाव द्या, नाहीतर पुढचा पाथ सुरू केला की तो पुसला जाऊ शकतो.

मग 'मेक सिलेक्शन'मध्ये फेदर (कडेचा मऊपणा) अर्धा पिक्सेल देऊन लेयर मास्क लावा, म्हणजे नको तो भाग न पुसता नुसता झाकला जातो. इरेझरला हात लावू नका. इरेझरने पुसलेलं गेलं ते गेलंच. मास्कवर काळ्या ब्रशने झाकतं, पांढऱ्याने परत येतं, आणि एक्स दाबलं की दोन रंगांची अदलाबदल होते.

केस आणि मिशी मात्र पेनने कापू नका. डोक्याला कागदी मुखवटा लावल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच. मास्क निवडून 'सिलेक्ट अँड मास्क'मध्ये जा आणि फक्त कानामागच्या, फेट्याखालून आलेल्या केसांवर रिफाइन एज ब्रश फिरवा. खांद्यावर फिरवलात तर पाथची सगळी मेहनत वाया. तिथेच व्ह्यू 'ऑन ब्लॅक' करून बघा. पांढऱ्यावर जी किनार दिसत नाही ती काळ्यावर लगेच उघडी पडते.

तुमची पांढरी रेघ म्हणजे जुन्या आभाळाचा रंग. केस बारीक असतात, त्या पिक्सेलमध्ये केस आणि आभाळ मिसळलेलं असतं. कड कितीही नीट कापा, मिसळलेला रंग सोबत येणारच. 'सिलेक्ट अँड मास्क'मधलं 'डीकंटॅमिनेट कलर्स' तो बराच घालवतं, पण ते पिक्सेलच बदलतं, म्हणून नवीन लेयरवर देतं. मूळ लेयर राहू द्या. तरी राहिली तर वर एक कोरा लेयर क्लिप करा (म्हणजे रंग खालच्या कापलेल्या माणसाबाहेर जात नाही), केसांचाच रंग उचला आणि मऊ ब्रशने अगदी कमी ओपॅसिटीवर कडेने फिरवा. फेट्यालाही हेच, फक्त रंग फेट्याचा घ्यायचा. पिकलेल्या केसांना हात जपून, नाहीतर वडिलांना कलप लावल्यासारखं दिसेल.

हातात नंदीध्वजाची, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच मानाच्या ध्वजाची, काठी असेल तर ती कापू नका. काठी काढली की बोटं हवेत मुठी वळल्यासारखी दिसतात. काठी सरळ, दोन्ही कडांना पेनचे मोजके क्लिक पुरतात. पाय गर्दीत झाकलेले असतील तर कमरेच्या खाली मास्कवर ग्रेडियंट ओढून विरघळू द्या. पूर्ण उभा फोटो असेल तर पायाखाली वेगळ्या लेयरवर हलकी सावली टाका, नाहीतर माणूस तरंगतो.

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी फुकट चालतं आणि पेन टूल जवळजवळ तसंच आहे. गिंपमध्येही पाथ आणि मास्क दोन्ही आहेत.

हे सगळं करण्याआधी ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आला की तो लहान होतो आणि कडेला चौकोनी डाग पडतात, त्यातून केस निघत नाहीत. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

दहा बाय आठचा फ्लेक्स लोक रस्त्यावरून बघणार, तिथे एकेका केसासाठी रात्र जागवायची गरज नाही. खांदा, फेटा आणि ती पांढरी रेघ एवढं सांभाळा. त्याच फोटोची घरात लावायला फ्रेम करणार असाल तर मात्र केसांना वेळ द्या. दुकानात पीएसडी किंवा पीएनजी द्या. जेपीजीमध्ये पारदर्शक भाग राहत नाही, वडिलांच्या मागे पांढरा चौकोन येतो आणि ऑपरेटर घाईत असेल तर तो एकसारखा रंग एका क्लिकमध्ये निवडणारं 'मॅजिक वाँड' मारून मोकळा होतो. मग बाराबंदीचा खांदा परत गेला.