‘खूप शिकायला मिळालं’ याच्या पुढचं वाक्य

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक संवादाच्या वर्गाचं सत्र संपत आलं. ई-मेल, मेमो, सूचनापत्रक, नकारपत्र, अहवाल, सादरीकरण, सगळं देऊन झालं. आता उरलंय ते हजार-बाराशे शब्दांचं रिफ्लेक्शन, म्हणजे आपल्याच कामाकडे मागे वळून पाहणारा लेख. तुझा कच्चा मसुदा वाचला. त्यात ‘खूप शिकायला मिळालं’ चार वेळा आहे, ‘आत्मविश्वास वाढला’ तीन वेळा आहे, आणि ‘वाचक’ हा शब्द एकदाही नाही.

ती वाक्यं खोटी आहेत असं माझं म्हणणं नाही. पण ती वर्गातल्या कुणाच्याही लेखात जशीच्या तशी चिकटवता येतात, हा त्यांचा दोष. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून स्वतःला विचार: शेजारच्या बाकावरच्याने हे लिहिलं असतं तर चाललं असतं का? चाललं असतं, तर तुझं वाक्य अजून लिहून व्हायचंय. ‘आत्मविश्वास वाढला’ याच्या जागी ‘तिसऱ्या सादरीकरणात कागद हातात न धरता पहिली दोन मिनिटं बोलता आलं, कारण सुरुवातीची तीन वाक्यं पाठ होती’ असं आलं की ते फक्त तुझंच होतं.

रिफ्लेक्शन म्हणजे सत्राचा वृत्तान्त, असा बहुतेकांचा समज असतो. मग पहिल्या आठवड्यात हे झालं, दुसऱ्यात ते झालं, अशी जंत्री तयार होते. तपासणाऱ्याला ती जंत्री आधीच माहीत असते; अभ्यासक्रम त्यानेच आखलेला असतो. त्याला माहीत नसतात ते तुझे निर्णय. मागणी पहिल्या ओळीत का घातली, तक्ता का काढून टाकला, ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’ का केलं, आणि त्या निर्णयाचं पुढे काय झालं. रिफ्लेक्शन हा निर्णयांचा हिशेब आहे, आणि हिशेबाला पावत्या लागतात.

म्हणून लिहायला बसण्याआधी पावत्या गोळा कर. प्रत्येक असाइनमेंटचा पहिला मसुदा, शेवटचा मसुदा, वर्गमित्रांचे अभिप्राय आणि शिक्षकांचे शेरे समोर ठेव. जुना मसुदा जपला नसेल तर ज्या फाइलमध्ये लिहिलं तिचा आवृत्त्यांचा इतिहास उघडून पाहा, बऱ्याचदा तो तिथे सापडतो. मग तीन रकान्यांचा तक्ता कर: शेरा काय होता, तो का आला असावा, आणि तोच शेरा पुढच्या कामात पुन्हा आला का. मेमोवर ‘मुद्दा उशिरा येतो’, अहवालावर ‘निष्कर्ष शेवटी का?’ आणि सादरीकरणावर ‘पहिल्या दोन स्लाइडमध्ये काय हवंय ते कळलं नाही’, हे तीन वेगळे शेरे दिसतात. पण दुसरा रकाना भरायला बसलं की तिन्हींचं मूळ एकच निघतं. रिफ्लेक्शनचा कणा तिथेच मिळतो. तिसऱ्या रकान्याने घाबरून जाऊ नकोस. तिथे ‘हो’ जास्त असतील, तर लिहिण्यासारखं जास्त आहे.

सगळ्या असाइनमेंटवर लिहायचा मोह टाळ. हजार शब्दांत सहा कामं कोंबली तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोनशेसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात वर्णन होतं आणि विश्लेषणाची पाळी येण्याआधी जागा संपते. दोन किंवा तीन कामं निवड. त्यात एक असं घे जे फसलं, आणि एक असं जे जमलं पण का जमलं हे तुला अजून नीट सांगता येत नाही. हे दुसरं जास्त अवघड असतं. अपयशाची कारणं शेऱ्यात लिहून मिळतात, पण यशाखाली नुसतं ‘छान’ असतं.

आता एक नमुना. तुझ्या मसुद्यात ई-मेलच्या असाइनमेंटबद्दल एवढंच आहे: ‘ई-मेल लिहिताना विषयओळ किती महत्त्वाची असते हे मला समजले.’ त्याच कामाबद्दल असं लिहिता येईल:

‘आकडे मागणाऱ्या ई-मेलमध्ये मी आधी अहवालाची पार्श्वभूमी दिली, मग बैठकीत काय ठरलं ते सांगितलं आणि मागणी नवव्या ओळीत केली. ज्या क्रमाने गोष्टी मला कळत गेल्या, त्याच क्रमाने त्या लिहिल्या. वाचणाऱ्याला मात्र तीनच गोष्टी हव्या होत्या: कोणते आकडे, कोणत्या स्वरूपात, कधीपर्यंत. वर्गमित्राने वाचून “म्हणजे मी नक्की काय पाठवायचं?” असं विचारलं तेव्हा हे लक्षात आलं. दुसऱ्या मसुद्यात “एक विनंती” ही विषयओळ काढून “तक्रारींचे मासिक आकडे १४ तारखेपर्यंत हवेत” अशी केली आणि मागणी पहिल्या वाक्यात आणली. पण आता सुरुवात हुकमासारखी वाटू लागली. म्हणून आकडे कशासाठी हवेत हे त्याच वाक्यात चार शब्दांत जोडलं आणि बाकीची पार्श्वभूमी शेवटी दोन ओळींत ठेवली.’

यात निर्णय आहे, त्याचं कारण आहे, चूक कशावरून कळली ते आहे, आणि दुरुस्तीतून निघालेली नवी अडचणही आहे. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात. ‘चूक झाली, सुधारली, सगळं छान झालं’ इतकी सरळ रेषा खऱ्या कामात क्वचितच असते, आणि तपासणारा ती ओळखतो.

कळलं त्या क्रमाने लिहिणं ही सवय फक्त तुझी नाही. लेखनप्रक्रियेच्या अभ्यासक लिंडा फ्लॉवर यांनी १९७९ मध्ये लेखककेंद्री आणि वाचककेंद्री लेखन असा फरक मांडला तो याच कारणाने: पहिल्यात लिहिणाऱ्याच्या शोधाचा प्रवास असतो, दुसऱ्यात वाचणाऱ्याच्या गरजेची मांडणी. पुढच्याच वर्षी त्याच क्षेत्रातल्या नॅन्सी सॉमर्स यांनी विद्यार्थी आणि अनुभवी लेखक मसुदा कसा सुधारतात याची तुलना केली. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते, तर अनुभवी लेखक आपल्या म्हणण्याला आकार शोधत होते आणि वाचक काय म्हणेल याचा विचार करत होते. तुझे पहिले आणि शेवटचे मसुदे शेजारी ठेवून हेच तपास. बदल फक्त शब्दांचे असतील तर तसं स्पष्ट लिही; तो एक चांगला निष्कर्ष आहे.

सूचनापत्रकाच्या कामात मालमसाला सगळ्यात जास्त असतो, आणि तू त्याला एका ओळीत उरकलंस. ज्याने पत्रकात सांगितलेलं काम कधी केलेलं नाही अशा माणसाच्या हातात पत्रक देऊन तुम्ही शेजारी गप्प बसला होतात ना? त्या वेळच्या नोंदी काढ. माणूस कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे त्याने तुझ्याकडे पाहिलं. अडखळण्याच्या जागा बहुधा ओळखीच्या असतात. अट कृतीच्या नंतर येते: ‘बटण दाबा, दिवा हिरवा झाल्यावर’ असं लिहिलं की वाचणारा स्वल्पविरामापाशीच बटण दाबून मोकळा होतो, ‘दिवा हिरवा झाला की बटण दाबा’ हा क्रम हवा. दुसरं, एकाच पायरीत तीन कृती असतात आणि मधली सुटते. तिसरं, इशारा पायरीच्या खाली असतो, म्हणजे नुकसान झाल्यावर वाचला जातो. चौथं, एकाच वस्तूला पहिल्या पायरीत ‘कळ’ आणि पाचव्या पायरीत ‘बटण’ म्हटलेलं असतं, आणि वाचणारा दुसरी वस्तू शोधत बसतो. शाळेतल्या निबंधात शब्द बदलत राहणं हा गुण होता. इथे तो दोष ठरतो. तुझ्या पत्रकात यातलं काय घडलं ते पायरीच्या क्रमांकासह लिही.

इथेच मोजमापाची एक पट्टीही वापरता येईल. साध्या भाषेसाठी २०२३ मध्ये आलेलं आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक चार गोष्टी विचारतं: वाचकाला हवं तेच आहे का, ते त्याला सापडतं का, सापडलेलं समजतं का, आणि समजलेलं वापरता येतं का. ‘माझी भाषा सोपी झाली’ या मोघम वाक्यापेक्षा ‘मजकूर समजत होता पण सापडत नव्हता, कारण उपशीर्षकं नव्हती’ हे वाक्य कितीतरी पुढे जातं.

नकारपत्राबद्दल थोडं. तिथे तुझं वाक्य होतं, ‘विनंतीचा विचार करता येणार नाही असे कळविण्यात येत आहे.’ कोण कळवतंय, कोणी ठरवलं, का ठरवलं, सगळं कर्मणीच्या पडद्याआड. रिफ्लेक्शनमध्ये ‘सूर सुधारायला हवा होता’ एवढ्यावर थांबू नकोस. तो पडदा का ओढला ते लिही. नकार देताना अवघडल्यासारखं झालं? की औपचारिक म्हणजे असंच, असं वाटलं? दोन्ही कारणं प्रामाणिक आहेत, पण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

सादरीकरण वेळेत संपलं नाही, एवढं तू कबूल केलं आहेस. कारण मात्र ‘वेळेचं नियोजन चुकलं’. हे कारण नव्हे, घटनेचंच दुसरं नाव. खरी कारणं साधारण तीन असतात: सराव मनातल्या मनात केला (मनात आपण तोंडापेक्षा भराभर बोलतो), स्लाइड बदलण्याचा आणि थांबण्याचा वेळ धरला नाही, किंवा पार्श्वभूमीवर निम्मा वेळ गेला. टिपणांचं एक पान मोठ्याने वाचून घड्याळ लावून बघ. नेमकं काय झालं ते कळेल आणि लिहायला आकडाही मिळेल.

गटकामावर लिहिताना दोन टोकं दिसतात. एक, ‘सर्वांनी मिळून उत्तम काम केले’. दुसरं, न आलेल्या सभासदाची तक्रार. स्वभावावर शेरा मारू नकोस, वागणं लिही: ‘तो बेजबाबदार होता’ असं नको, ‘तिसरा भाग ठरलेल्या दिवशी आला नाही, आणि तो कोणत्या स्वरूपात हवा हे आम्ही कुणीच लिहून दिलं नव्हतं’ असं लिही. दुसऱ्या वाक्यात तुझा वाटा दिसतो. नावं घालायची नाहीत, आणि प्रशिक्षणाच्या जागेबद्दल लिहीत असशील तर तिथल्या ग्राहकांची ओळख पटेल असा तपशीलही नको.

लेखाच्या साच्याबद्दल तू विचारलं होतंस. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं रिफ्लेक्शनच्या पायऱ्यांचं चक्र बहुतेक वर्गांत देतात: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृतियोजना. ते वापर, पण सहा उपशीर्षकं देऊन प्रत्येकाखाली सारख्या ओळी भरू नकोस. हजार शब्दांत वर्णनाला दीडशे-दोनशे पुरे, भावनेला दोन-तीन वाक्यं, निम्मी जागा विश्लेषणाला आणि दीडशेच्या आसपास योजनेला. मूल्यमापन आणि विश्लेषण यांत सगळेच गोंधळतात. ‘अहवालाचा सारांश कमकुवत होता’ हे मूल्यमापन. ‘सारांश सगळ्यात आधी लिहिला, तेव्हा शिफारशी ठरल्याच नव्हत्या, म्हणून त्यात फक्त विषयाची ओळख आली’ हे विश्लेषण. वाक्यात ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ आहे का, एवढं पाहिलं तरी फरक कळतो.

कृतियोजनेत ‘यापुढे अधिक लक्ष देईन’ हे वाक्य नको. ते पाळलं की नाही हे तुलाही तपासता येणार नाही. ‘पुढच्या अहवालात शिफारशी आधी लिहीन, सारांश शेवटी लिहीन, आणि विषयाशी संबंध नसलेल्या एकाला फक्त सारांश वाचायला देऊन निर्णय काय घ्यायचाय ते विचारीन’ हे तपासता येतं. अशी दोनच ठेव.

चुका कबूल केल्या तर गुण कापतील, ही भीती तुझ्या मसुद्यात जागोजागी जाणवते. त्या कामांचे गुण देऊन झाले आहेत. इथे तपासली जाते ती कारणमीमांसा. गुणांच्या निकषांचा तक्ता मिळाला असेल तर काढून पाहा, ‘विश्लेषण’ आणि ‘पुरावा’ यांना किती वाटा आहे ते. मात्र उलट्या बाजूलाही जाऊ नकोस. पानभर स्वतःला बोल लावणं हेही वर्णनच, फक्त रडवेलं.

एआयच्या साधनाची मदत घेतली असशील तर वर्गाचा नियम पाहून ते उघड लिही: काय विचारलं, आलेल्यातलं काय ठेवलं, काय टाकलं आणि का टाकलं. टाकलेल्याचं कारण देता आलं तर तो रिफ्लेक्शनचा उत्तम परिच्छेद होतो. खुद्द रिफ्लेक्शन मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. तुझ्या नवव्या ओळीतल्या मागणीबद्दल त्याला काहीच माहीत नाही, मग ते ‘खूप शिकायला मिळालं’ हेच अधिक गुळगुळीत करून देणार.

आधी तक्ता कर, मग दोन कामं निवड, आणि पहिलं वाक्य त्यांतल्या एका निर्णयाने सुरू कर. प्रस्तावना लागलीच तर शेवटी लिहू. दुसरा मसुदा पाठव. सोबत तो तक्ताही जोड.

कळावे, लोभ असावा.

तुझा मार्गदर्शक

ता. क. : फाइलचं नाव ‘फायनल_नवीन_खरंच_फायनल’ असं होतं. मसुद्याचा क्रमांक आणि तारीख घाल. पुढच्या सत्रात पावत्या शोधायला सोपं जाईल.