फी भरण्याआधी मुलीला विचारा

प्रश्न : मुलगी बीएस्सी बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ६१ टक्के आहेत. बेडटूल्ससह वीस टूल्स शिकवून नोकरीची हमी देणारा ९० हजारांचा बायोइन्फर्मॅटिक्सचा (संगणकावर जनुकांची माहिती तपासण्याचा) कोर्स आहे. कर्ज काढून फी भरतोय. ती काही बोलत नाही, पण तिला कुठे कळतंय? टूल्स आली की नोकरी लागेल ना? – एक पालक, सांगली

उत्तर : ६१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. ‘तिला कुठे कळतंय’ या तीन शब्दांची वाटते. अख्ख्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही. ती गप्प आहे म्हणजे राजी आहे, असं धरू नका. एकदा हप्ते सुरू झाले की ‘मला हे नको’ म्हणायची तिची हिंमतच होणार नाही. फी भरू नका.

टूल्स आली की नोकरी, हा गैरसमज आहे. बेडटूल्स हे डीएनएवरच्या जागांच्या याद्या जुळवणारं सॉफ्टवेअर बरीच वर्षं फुकट उपलब्ध आहे आणि त्यातली ‘इंटरसेक्ट’ ही दोन याद्यांतल्या एकमेकींवर येणाऱ्या जागा शोधणारी आज्ञा तासाभरात येते. कस लागतो तो आकड्यांत. जीटीएफ आणि बेड हे डीएनएवरच्या जागा लिहायचे दोन फाइल-प्रकार. जीटीएफ फाइलमध्ये मोजणी १ पासून, बेड फाइलमध्ये ० पासून, आणि बेडमधला शेवटचा आकडा पट्ट्यात धरायचा नसतो. म्हणून जीटीएफमधला १०१ ते २०० हा एक्झॉन (जनुकाचा अंतिम संदेशात राहणारा तुकडा) बेडमध्ये १०० ते २०० असा लिहायचा. सुरुवातीतून १ वजा करायला विसरलात तर एक्झॉनचा पहिलाच बेस (डीएनएचं एक अक्षर) गळतो, तिथला जनुकीय बदल यादीत येत नाही आणि संगणक चूक दाखवत नाही. ही चूक ज्याला सापडते, त्याला काम मिळतं.

तिची तयारी असेल तर घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तिने एवढं करावं : जेनकोड या जनुकांच्या मोफत यादीच्या जीटीएफमधून बीआरसीए१ या जनुकाच्या एकाच ट्रान्सक्रिप्टचे (जनुकावरून बनणाऱ्या एका आरएनए प्रतीचे) एक्झॉन काढून बेड फाइल बनवायची आणि क्लिनव्हार या जनुकीय बदलांच्या संग्रहाच्या व्हीसीएफशी (बदलांची यादी असलेल्या फाइलशी) जुळवायची. जीनोमची (माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या नकाशाची) आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी. पहिल्यांदा बहुधा काहीच जुळणार नाही, कारण सतराव्या गुणसूत्राला जेनकोड ‘सीएचआर१७’ लिहितं आणि क्लिनव्हार नुसतं ‘१७’. ते तिचं तिला शोधू द्या. नंतर एक्झॉनच्या काठावरचे दोन-तीन बदल हातानं मोजून ताडून पाहायचे.

पंधरा दिवसांनी तिला पुढे हेच हवं का ते विचारा, आणि उत्तर ‘नको’ असलं तरी ते माना. ‘हवं’ म्हणाली तर एमएस्सीसाठी जीएटी-बी आणि आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षा आहेत. फॉर्म तिचा तिला भरू द्या.